युक्रेनमधील युद्धकालीन अपप्रचाराचा प्रतिकार

युक्रेनमधील युद्धकालीन अपप्रचाराचा प्रतिकार या विषयात इ.स. २०१४ पासून युक्रेनमध्ये खोट्या बातम्यांची पडताळणी करण्यासाठी, नागरिकांत माध्यमसाक्षरता रुजविण्यासाठी आणि पत्रकारांना प्रशिक्षण देण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा समावेश होतो. रशियाने क्रिमिया ताब्यात घेतल्यानंतर पत्रकारितेचे प्राध्यापक व विद्यार्थी यांनी स्वयंस्फूर्तीने या कार्यास प्रारंभ केला. पुढे स्वयंसेवी संस्था, शाळा, ग्रंथालये आणि शासकीय यंत्रणा त्यात सहभागी झाल्या. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने पूर्ण प्रमाणात आक्रमण केल्यावर या कार्याची व्याप्ती व निकड दोन्ही वाढली.

खोट्या प्रचाराला उलट प्रचाराने उत्तर न देता, कोणालाही स्वतः तपासून पाहता येईल असा पुरावा मांडणे, हे या प्रयत्नांचे मूलतत्त्व मानले जाते. युद्धकाळात हे तत्त्व पाळणे सोपे नसते, कारण स्वपक्षाला सोयीची असलेली असत्येही त्याच कसोटीवर तपासावी लागतात.

संज्ञा

चुकीची माहिती आणि अपप्रचार यांत अभ्यासक फरक करतात. गैरसमजातून किंवा घाईतून, फसविण्याचा हेतू नसताना पसरलेली माहिती ही चुकीची माहिती होय. फसविण्याच्या हेतूने जाणीवपूर्वक रचलेली व पसरविलेली माहिती म्हणजे अपप्रचार होय. हेतुपुरस्सर रचलेली कथा सामान्य माणूस खरी समजून पुढे पाठवतो, तेव्हा त्याच्यापुरती ती चुकीची माहिती असते. मूळ रचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो अपप्रचारच असतो. त्यामुळे प्रतिकाराचे कार्यही दोन पातळ्यांवर चालते. रचणाऱ्याचे कसब उघड करणे ही पहिली पातळी, तर पुढे पाठवणाऱ्याला क्षणभर थांबायला शिकविणे ही दुसरी.

एखादी गोष्ट लोकांच्या गळी उतरविणे एवढाच अपप्रचाराचा उद्देश नसतो. एकाच घटनेविषयी परस्परविरोधी अशा अनेक कथा एकाच वेळी सोडल्या जातात. त्या ऐकून वाचक थकतो आणि खरे काय हे कळणे शक्यच नाही, अशा निष्कर्षाला येतो. ही उदासीनता निर्माण करणे हाच पुष्कळदा मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०१३ मध्ये क्यीव येथे सुरू झालेल्या जनआंदोलनानंतर फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हिक्टर यानुकोविच देश सोडून गेले. पाठोपाठ गणवेशावर कोणतेही राष्ट्रचिन्ह नसलेले सैनिक क्रिमियात दिसू लागले. ते रशियन सैनिक असल्याचे रशियाने प्रथम नाकारले आणि नंतर मान्य केले. त्याच वर्षी वसंत ऋतूत पूर्वेकडील दोनेत्स्क व लुहान्स्क या प्रांतांत सशस्त्र संघर्ष पेटला.

पूर्व व दक्षिण युक्रेनमधील पुष्कळ नागरिक रशियन भाषा बोलत असत व रशियन दूरचित्रवाणी वाहिन्या पाहत असत. त्यामुळे मॉस्कोहून प्रक्षेपित झालेली बातमी भाषांतराशिवाय थेट युक्रेनियन घरांत पोहोचत असे. क्यीवमध्ये बंडाने सत्ता बळकावली आहे, नवे शासन फॅसिस्ट आहे, युक्रेन हे अपयशी राष्ट्र आहे, अशी सूत्रे निरनिराळ्या बातम्यांतून पुनःपुन्हा मांडली जात. चेचन्या, सीरिया आदी ठिकाणच्या युद्धांची जुनी छायाचित्रे पूर्व युक्रेनमधील म्हणून दाखविल्याची उदाहरणेही आढळून आली.

स्टॉपफेक

२ मार्च २०१४ रोजी क्यीव-मोहिला अकादमी या विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातील प्राध्यापक, आजी-माजी विद्यार्थी आणि तेथील प्रशिक्षण वर्गात शिकलेले पत्रकार यांनी 'स्टॉपफेक' या संकेतस्थळाची स्थापना केली. संस्थापकांमध्ये विभागाचे संचालक येवहेन फेदचेन्को, मार्गो गोन्तार व ओल्गा युर्कोव्हा यांचा समावेश होता. युक्रेनविषयीच्या बातम्या तपासून त्यांतील खोट्या बातम्या पुराव्यासह उघड करणे, एवढाच मर्यादित हेतू आरंभी होता. पुढे रशियन, युक्रेनियन व इंग्रजीसह अनेक युरोपीय भाषांत त्याचे लेखन प्रसिद्ध होऊ लागले. साप्ताहिक चित्रफीत कार्यक्रम, आकाशवाणी कार्यक्रम आणि प्रशिक्षण शिबिरे हे उपक्रमही सुरू झाले. मार्च २०२० मध्ये फेसबुकने युक्रेनमधील तथ्य पडताळणीसाठी स्टॉपफेक आणि व्हॉक्सचेक या दोन संस्थांची भागीदार म्हणून निवड केली.

पडताळणीची पद्धत

युक्रेनमधील तथ्य पडताळणी संस्थांची कार्यपद्धती सर्वसाधारणपणे पुढील टप्प्यांनी जाते.

१. मूळ स्रोताचा शोध: बातमी प्रथम कोठे व केव्हा प्रसिद्ध झाली, हे शोधले जाते. एकाच स्रोतावरून दहा ठिकाणी उतरवलेली बातमी दहा स्रोतांची बातमी ठरत नाही.
२. प्रतिमेचा उलट शोध: छायाचित्र शोधयंत्रात टाकून ते पूर्वी कोठे वापरले गेले होते का, हे पाहिले जाते. जुने छायाचित्र नव्या मथळ्याखाली वापरण्याची लबाडी यातून पटकन उघडकीस येते.
३. स्थाननिश्चिती: चित्रफितीतील इमारती, रस्त्यांची वळणे, विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या यांची उपग्रह छायाचित्रांशी व नकाशांशी तुलना करून जागा निश्चित केली जाते.
४. कालनिश्चिती: सावल्यांची लांबी व दिशा, हवामानाच्या नोंदी, झाडांची पालवी यांवरून चित्रणाची वेळ ताडून पाहिली जाते.
५. संबंधितांशी संपर्क: बातमीत ज्या व्यक्तीचा किंवा कार्यालयाचा उल्लेख आहे, त्यांच्याकडून थेट विचारणा केली जाते.
६. निष्कर्षाची मांडणी: केवळ 'ही बातमी खोटी आहे' असे न सांगता ती कशी तपासली, याचा क्रम वाचकापुढे ठेवला जातो.

यांतील शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. वाचकाला निष्कर्षाबरोबर रीतही कळली, तर पुढच्या वेळी तो तपासणाऱ्यावर अवलंबून राहत नाही.

गाजलेली प्रकरणे

स्लोव्ह्यान्स्क येथील बालकाची कथा

१२ जुलै २०१४ रोजी रशियाच्या 'पहिली वाहिनी' या दूरचित्रवाणी वाहिनीने एका स्त्रीची मुलाखत प्रसारित केली. युक्रेनियन सैन्याने स्लोव्ह्यान्स्क शहर परत घेतल्यावर भर चौकात तीन वर्षांच्या बालकाला फलकावर खिळे ठोकून मारले, असे तिने सांगितले. त्या शहरात गेलेल्या पत्रकारांना, त्यांत रशियातील स्वतंत्र वृत्तमाध्यमांचे प्रतिनिधीही होते, अशा घटनेचा एकही साक्षीदार सापडला नाही. गजबजलेल्या चौकातील घटना पाहिलेला दुसरा मनुष्य नसणे, हीच विसंगती पडताळणीत निर्णायक ठरली. पुढे वाहिनीनेही आपल्याकडे पुरावा नसल्याचे मान्य केले. मात्र ही एका स्त्रीने सांगितलेली हकीकत होती, असा बचाव तिने केला.

एमएच १७ विमान

१७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला जाणारे मलेशिया एअरलाइन्सचे एमएच १७ हे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर पाडले गेले व त्यातील सर्व २९८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर युक्रेनच्या लढाऊ विमानाने ते पाडले, युक्रेनच्या क्षेपणास्त्राने पाडले, अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या कथा प्रसृत झाल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये रशियन वाहिनीवर दाखविलेले एक 'उपग्रह छायाचित्र' जुनी चित्रे एकमेकांना जोडून बनविल्याचे बेलिंगकॅट व इतर अभ्यासकांनी दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय संयुक्त तपास पथकाच्या निष्कर्षानुसार विमान पाडणारे बुक क्षेपणास्त्र रशियन सैन्याच्या तुकडीचे होते. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी नेदरलँड्समधील न्यायालयाने तिघांना त्यांच्या अनुपस्थितीत दोषी ठरविले.

स्थलांतराचे आवाहन

१८ फेब्रुवारी २०२२ रोजी दोनेत्स्क व लुहान्स्क येथील फुटीरतावादी नेत्यांनी चित्रफिती प्रसारित केल्या. युक्रेनचा हल्ला होण्याची शक्यता असल्याने नागरिकांनी तातडीने रशियात जावे, असे आवाहन त्यांत होते. त्या चित्रफितींसोबतच्या तांत्रिक नोंदींवरून त्यांचे चित्रण दोन दिवस आधीच, १६ फेब्रुवारीला झाल्याचे दिसून आले. अचानक उद्भवलेले म्हणून सांगितलेले संकट प्रत्यक्षात पूर्वनियोजित होते, हे यातून स्पष्ट झाले.

बुचा

३० मार्च २०२२ च्या सुमारास रशियन सैन्य क्यीवजवळील बुचा या शहरातून माघारी गेले. त्यानंतर रस्त्यांवर नागरिकांचे मृतदेह आढळले. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने ३ एप्रिल रोजी हा सारा देखावा सैन्य गेल्यानंतर रचल्याचा दावा केला. 'न्यू यॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने याब्लुन्स्का रस्त्यावरील चित्रण व उपग्रह छायाचित्रे यांची तुलना केली. मृतदेह ११ मार्चपासून, म्हणजे शहर रशियन ताब्यात असतानाच, त्याच जागी पडलेले होते, असे त्यातून दिसून आले. एका चित्रफितीत मृतदेहाचा हात हलतो, असाही दावा करण्यात आला होता. वाहनाच्या काचेवरील पाण्याच्या थेंबामुळे तसा भास झाल्याचे मूळ चित्रफीत संथ गतीने पाहिल्यावर कळले.

आगाऊ खंडन

खोटी बातमी पसरल्यानंतर तिचे खंडन करण्याला मर्यादा असतात. खंडन मूळ बातमीइतक्या लोकांपर्यंत क्वचितच पोहोचते, आणि पहिली छाप पुसून निघत नाही. म्हणून संभाव्य असत्याची कल्पना लोकांना आधीच देऊन ठेवण्याची पद्धत विकसित झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या प्रतिपादनाशी तिचे नाते आहे. लस टोचल्यावर शरीर जसे रोगाला तोंड देण्यास सिद्ध होते, तसे फसव्या युक्तिवादाची सौम्य ओळख आधी झाल्यास मनही त्यास तोंड देऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते.

या पद्धतीचे ठळक उदाहरण मार्च २०२२ मध्ये दिसले. राष्ट्राध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की शरणागतीची घोषणा करीत असल्याची कृत्रिम चित्रफीत प्रसृत होण्याची शक्यता आहे, असा इशारा युक्रेनच्या शासकीय केंद्राने २ मार्च रोजी दिला. १६ मार्च रोजी तशी चित्रफीत खरोखरच 'युक्रेन २४' या वाहिनीच्या संकेतस्थळात घुसखोरी करून दाखविण्यात आली. चित्रातील मस्तक धडाशी प्रमाणात नव्हते व आवाजही वेगळा वाटत होता. झेलेन्स्की यांनी काही वेळातच स्वतःची चित्रफीत प्रसिद्ध करून ती खोटी ठरवली आणि समाजमाध्यम कंपन्यांनी ती हटविली. लोकांना अशा चित्रफितीची पूर्वकल्पना असल्यामुळे तिचा अपेक्षित परिणाम झाला नाही, असे मानले जाते.

जनजागृती व शालेय शिक्षण

ऑक्टोबर २०१५ ते मार्च २०१६ या काळात आयरेक्स या अमेरिकी संस्थेने स्टॉपफेक व युक्रेनियन वृत्तपत्र अकादमी यांच्या सहकार्याने प्रौढांसाठी माध्यमसाक्षरतेचा कार्यक्रम राबविला. 'पारखायला शिका' अशा आशयाचे त्याचे नाव होते आणि कॅनडा शासनाने त्यास अर्थसाहाय्य दिले होते. १५,००० हून अधिक नागरिकांनी प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतले. प्रशिक्षित स्थानिक व्यक्तींनी आपल्याच गावातील शेजारी, सहकारी व परिचितांना शिकवावे, अशी योजना होती. अनोळखी तज्ज्ञापेक्षा ओळखीच्या माणसाचे बोलणे लोक अधिक मोकळेपणाने ऐकतात, हा त्यामागील विचार होता.

या कार्यक्रमात कोणत्या वाहिनीवर विश्वास ठेवावा वा ठेवू नये, हे सांगितले जात नसे. बातमी वाचताना मनात कोणती भावना उसळते, ती कोणी व कशासाठी जागविली असेल, वाक्यातील वस्तुस्थिती कोणती व मत कोणते, हे ओळखण्याचा सराव करून घेतला जाई. दीड वर्षानंतर झालेल्या मूल्यमापनात, प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत प्रशिक्षणार्थींनी खोटी बातमी ओळखून तिचे विश्लेषण करण्याची शक्यता १३ टक्क्यांनी, तर एकाहून अधिक स्रोत तपासत असल्याचे सांगण्याची शक्यता २५ टक्क्यांनी अधिक आढळली.

२०१८ मध्ये हा कार्यक्रम चार शहरांतील ५० शाळांत आठवी व नववीच्या वर्गांसाठी प्रायोगिक स्वरूपात आणण्यात आला. त्यासाठी स्वतंत्र विषय न नेमता इतिहास, भाषा, साहित्य, कला या चालू विषयांच्या पाठांतच तो गुंफण्यात आला. इतिहासाच्या तासाला जुन्या प्रचारपत्रकाची चिकित्सा, तर भाषेच्या तासाला विशेषणांच्या आधारे बातमीतील कल ओळखणे, अशा स्वरूपाचे पाठ या रीतीने घेता येतात. त्यामुळे वेळापत्रकावर भार पडत नाही व शिक्षकास आपल्याच विषयातील उदाहरणे वापरता येतात. मूल्यमापनात या विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा खोट्या बातम्या ओळखण्यात १८ टक्के आणि वस्तुस्थिती व मत वेगळे करण्यात १६ टक्के अधिक चांगली कामगिरी केली.

२०२१ मध्ये संस्कृती व माहिती धोरण मंत्रालयाने 'फिल्टर' हा राष्ट्रीय माध्यमसाक्षरता प्रकल्प सुरू केला. माध्यमांची चिकित्सा करणारी 'डिटेक्टर मीडिया' ही संस्था नागरिकांच्या माध्यमसाक्षरतेचा निर्देशांक प्रसिद्ध करते.

पत्रकारांचे प्रशिक्षण

युक्रेनमधील बहुसंख्य पत्रकारांना २०१४ पूर्वी युद्धवार्तांकनाचा अनुभव नव्हता. त्यामुळे प्रशिक्षणाला तीन अंगे प्राप्त झाली.

पहिले अंग सुरक्षिततेचे होय. यात प्रथमोपचार, संरक्षक पोशाखाचा वापर व डिजिटल सुरक्षा यांचा समावेश होतो. १९९५ मध्ये स्थापन झालेली जनमाहिती संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. ती पत्रकारांवरील हल्ल्यांची नोंद ठेवते आणि व्यावसायिक निकष पाळणाऱ्या वृत्तमाध्यमांची 'श्वेतसूची' प्रसिद्ध करते.

दुसरे अंग पडताळणीचे होय. खुल्या स्रोतांवरून शोध घेणे, स्थान व काल निश्चित करणे, मूळ चित्रफीत जतन करणे ही कौशल्ये शिकविली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मानवाधिकार केंद्राने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बर्कले प्रोटोकॉल'ने या कामाला प्रमाणित चौकट दिली. आज टिपलेले चित्रण उद्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात पुरावा ठरू शकते. म्हणून ते कोणी, कोठून व केव्हा मिळविले याची नोंद ठेवण्यावर भर दिला जातो.

तिसरे अंग नीतीचे होय. शोकाकुल व्यक्तीची मुलाखत, युद्धकैद्यांचे चित्रण, मृतांची छायाचित्रे यांविषयीची मर्यादा पत्रकारांना शिकविली जाते. हल्ला झाल्यावर त्या जागेचे चित्रण लगेच प्रसिद्ध केल्यास शत्रूला नेम सुधारण्यास मदत होते. यासाठी युक्रेनमध्ये प्रसिद्धीपूर्वी ठरावीक तास थांबण्याचे नियम करण्यात आले. बातमी प्रथम देण्याच्या स्पर्धेत वाढलेल्या पत्रकाराला थांबण्याची ही सवय नव्याने अंगी बाणवावी लागते.

शासकीय यंत्रणा

डिसेंबर २०१४ मध्ये स्थापन झालेल्या माहिती धोरण मंत्रालयावर पत्रकारांनी कडक टीका केली. शासनच सत्य ठरवू लागेल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. मे २०१७ मध्ये 'व्हीकोंताक्ते' आदी रशियन समाजमाध्यमांवर, तर फेब्रुवारी २०२१ मध्ये रशियाधार्जिण्या मानल्या गेलेल्या तीन युक्रेनियन दूरचित्रवाणी वाहिन्यांवर बंदी घालण्यात आली. मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा व संरक्षण परिषदेच्या अखत्यारीत अपप्रचारविरोधी केंद्र आणि मंत्रालयाच्या अखत्यारीत व्यूहात्मक संपर्क व माहिती सुरक्षा केंद्र अशा दोन यंत्रणा उभ्या राहिल्या.

रशियाने याउलट ४ मार्च २०२२ रोजी सैन्याविषयी 'खोटी माहिती' देणाऱ्यास १५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेला कायदा केला. अपप्रचारविरोधाची भाषाच स्वतंत्र वृत्तांकन दडपण्यासाठी वापरता येते, याचे उदाहरण म्हणून या कायद्याकडे पाहिले जाते.

स्वपक्षीय असत्यांचा प्रश्न

आक्रमणाच्या पहिल्या दिवसांत 'क्यीवचे भूत' या नावाने ओळखल्या गेलेल्या एका वैमानिकाने शत्रूची अनेक विमाने पाडल्याची कथा जगभर पसरली. तिच्यासोबत फिरणारी एक चित्रफीत संगणकीय खेळातील होती. ३० एप्रिल २०२२ रोजी युक्रेनच्या हवाई दलाने ही एक दंतकथा असून ते वैमानिकांचे सामूहिक प्रतीक असल्याचे जाहीर केले आणि माहिती पसरविण्यापूर्वी तपासण्याचे आवाहन केले. काळ्या समुद्रातील स्नेक बेटावरील १३ सीमारक्षक धारातीर्थी पडल्याचे प्रथम सांगितले गेले होते. काही दिवसांतच ते जिवंत व रशियाच्या कैदेत असल्याचे युक्रेनच्या नौदलाने मान्य केले.

लोकांचे मनोधैर्य टिकविणारी कथा खोटी असली तरी तिला आव्हान द्यावे काय, हा प्रश्न यातून उभा राहिला. पडताळणीच्या समर्थकांच्या मते द्यावे, कारण एक असत्य सिद्ध झाले की प्रतिपक्षाला बुचासारख्या सत्य घटनाही बनावट म्हणण्याची सोय होते.

भारतीय विद्यार्थी आणि अफवा

युद्ध सुरू झाले तेव्हा महाराष्ट्रासह भारताच्या अनेक राज्यांतील विद्यार्थी युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते. 'ऑपरेशन गंगा' मोहिमेत १८,००० हून अधिक भारतीयांना मायदेशी आणण्यात आले. या काळात युक्रेनियन सैन्याने भारतीय विद्यार्थ्यांना ओलीस ठेवल्याचा दावा रशियाकडून करण्यात आला. विद्यार्थ्यांना ओलीस ठेवल्याची कोणतीही माहिती मिळालेली नाही, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने ३ मार्च २०२२ रोजी स्पष्ट केले. भारतीयांना बाहेर पडता यावे म्हणून रशियाने खारकीव्हमध्ये सहा तास युद्ध थांबविल्याचे वृत्तही मंत्रालयाने नाकारले. घरी वाट पाहणाऱ्या पालकांच्या दृष्टीने अशी प्रत्येक बातमी मुलाच्या जिवाशी निगडित होती. अपप्रचाराचा आघात रणभूमीपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्यांवरही कसा होतो, हे या प्रसंगातून दिसते.

मर्यादा व टीका

- स्टॉपफेकचे लक्ष मुख्यतः रशियन प्रचारावर असल्याने त्यावर एकांगीपणाची टीका झाली. २०२० मध्ये 'झाबोरोना' या युक्रेनियन वृत्तसंकेतस्थळाने त्यातील काही व्यक्तींचे अतिउजव्या गटांशी संबंध असल्याचा आरोप केला. स्टॉपफेकने तो फेटाळला.
- २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रमुख वाहिन्यांनी मिळून सुरू केलेल्या संयुक्त वृत्तप्रक्षेपणावरील विश्वास कालांतराने घटला. क्यीव आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संस्थेच्या पाहणीनुसार मे २०२२ मध्ये ६९ टक्के लोकांचा त्यावर विश्वास होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. एकाच सुराच्या बातम्यांनी लोक अन्य मार्गांकडे वळतात, असा निष्कर्ष काही निरीक्षक काढतात.
- टेलिग्राम हे बातम्यांचे प्रमुख साधन बनले असून त्यावरील अनेक वाहिन्यांचे चालक अज्ञात असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये शासकीय अधिकारी व सैनिक यांच्या कार्यालयीन उपकरणांवर त्याच्या वापरास मनाई करण्यात आली.
- अनेक संस्था परदेशी अर्थसाहाय्यावर अवलंबून आहेत. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी साहाय्य स्थगित केल्यावर युक्रेनमधील स्वतंत्र वृत्तमाध्यमे व प्रशिक्षण प्रकल्प अडचणीत आले.
- माध्यमसाक्षरतेचे शिक्षण अपुरे राहिल्यास वाचक सर्वच बातम्यांवर अविश्वास ठेवू लागण्याचा धोका असतो. असा सरसकट अविश्वास अपप्रचार करणाऱ्यांच्याच पथ्यावर पडतो. त्यामुळे शंका घेण्याबरोबरच पुरावा पटल्यावर विश्वास ठेवण्याचेही शिक्षण आवश्यक आहे, असे या क्षेत्रातील प्रशिक्षक मानतात.